चार बोटं कोरा कागद

कारखान्यात सगळे त्याला खोडरबर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे, कारण नाव अगदी चपखल होतं. आपोआप वाजणारे पियानो बनवणारा तो कारखाना. पियानोच्या पोटात भोकं पाडलेल्या कागदाचा रोल बसवायचा, पायपेटीला मारतात तसे पाय मारायचे, की आतले भाते हवा ओढू लागायचे आणि समोर वाजवणारा नसतानाही पट्ट्या खाली-वर व्हायच्या. रोल तयार करताना मात्र खरा माणूस वाजवायला बसे. त्याच्या प्रत्येक सुराची शिशाची रेघ सरकत्या कागदावर उमटे, त्या रेघांवर भोकं कापली जात, आणि मग तो कागद खोडरबरच्या टेबलावर येई.

तिथे त्याची सफाई होई. चुकून लागलेल्या सुराचं भोक तो ठिगळ लावून बुजवी. उशिरा आलेला सूर अलीकडे सरकवी. वाजवणारा कुठे अडखळून थांबला असेल तर तिथे कागदाचा कोरा तुकडा दिसे. तो कापून टाकायचा आणि दोन्ही टोकं खळीने जोडायची. या साफ केलेल्या कागदावरून नकला निघत, आणि मूळ कागद रद्दीत जाई. मोठमोठे वादक आपलाच रोल ऐकून म्हणत, "अरे, मी इतकं छान वाजवलं?" खोडरबर मान खाली घालून हसे. खरं काय ते त्याला ठाऊक असे, पण स्वतःच्या पोटावर पाय कोण देणार?

पुढे कारखाना बंद पडला. खोडरबर घरोघर जाऊन पियानो दुरुस्त करू लागला. गावभरच्या पियानोंना त्याने कंठ दिला, आणि त्याच्या स्वतःच्या घरातला पियानो सव्वीस वर्षं मुका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण यात आळसाचा भाग नव्हता. तो पियानो त्याच्या लेकीचा होता. सतराव्या वर्षी, आठ दिवसांच्या तापात ती गेली. त्याच्या महिनाभर आधी त्याने तिला कारखान्यात नेऊन तिच्या वाजवण्याचा एक रोल करून घेतला होता. नक्कल तयार होऊन घरी आली ती लेक गेल्यावर तिसऱ्या दिवशी. बायकोने रोलचा डबा हातात घेतला, पियानोवर ठेवला, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली शिवणाच्या डब्यात टाकली. रोल कोणीच कधी ऐकला नाही.

आता बायकोचं हृदय थकलं होतं. डॉक्टर तिला तपासून बाहेर आले आणि जिन्यात उभं राहून खोडरबरला म्हणाले, "बेत आखायचे ते जवळचे आखा." वैद्यकीच्या पुस्तकात याला काय म्हणतात कोण जाणे, पण खोडरबरला समजायचं ते समजलं.

तो आत आला तेव्हा बायको उशीला टेकून टॉवेलांच्या घड्या करत होती. डॉक्टरांनी कामं बंद सांगितली होती, पण घड्या म्हणजे काम, हे तिला मान्य नव्हतं.

"अहो, किल्ली काढा," ती म्हणाली.

"कसली किल्ली?"

"पियानोची. मला पोरीचा रोल ऐकायचाय. इतकी वर्षं धीर झाला नाही. आता धीर धरायला दिवस तरी कुठे आहेत?"

"अगं, पियानोच्या आत काही उरलेलं नसेल."

"मग घाला. तुम्हाला येतं ना?" थोडं थांबून ती म्हणाली, "ती वाजवायला बसली की मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत असायची. गाणं त्या जागेवर यायचं आणि माझे हात थांबायचे. एकदा तिला तिथं ऐकायचंय. बस."

कुठल्या जागेवर, हे खोडरबरने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण तो तोवर गुडघे टेकून पियानोच्या खालची फळी काढायला बसलाही होता. सगळी कामसू माणसं अशीच: रडू येईल असं काही कानावर पडलं की ती हत्यार शोधू लागतात.

आत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. भात्यांचं रबरी कापड हात लावताच पापडासारखं तुटत होतं. नळ्या ताठ झाल्या होत्या. प्रत्येक सुराखाली पातळ चामड्याची एक चकती असते, हवेच्या झटक्याने ती फुगते आणि सूर वाजतो. तशा अठ्ठ्याऐंशी चकत्या, त्यांतल्या निम्म्या उंदरांनी फस्त केल्या होत्या. हे सगळं एकवेळ भागलं असतं. पण रोल पुढे ओढणारं दातेरी चक्र त्याने दोन बोटांत धरलं आणि त्याचा अक्षरशः भुगा झाला. कारखान्याने ती चक्रं कसल्या तरी हलक्या मिश्रधातूची ओतली होती. धातू आतून कुजत गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याची वणवण सुरू झाली. चामड्यासाठी तो हातमोजे शिवणाऱ्या म्हातारीकडे गेला. नेहमीचं चामडं त्याला जाड पडत होतं. त्याला हवं होतं कांद्याच्या पापुद्र्यासारखं.

"असले मोजे घालून बाई करणार काय?" म्हातारीने विचारलं. "वारा लागला तर फाटतील."

"वाराच धरायचाय त्यांना," खोडरबर म्हणाला.

तिने पेटीच्या तळातून कधीकाळच्या लग्नाच्या मोज्यांचं उरलेलं कातडं काढून दिलं. नवरीने ऐन वेळी लग्न मोडलं होतं म्हणे. म्हातारी ती गोष्ट सांगायच्या बेतात होती, पण खोडरबरला वेळ नव्हता.

भात्यांसाठी रबरी कापड मिळालं ते धंदा गुंडाळलेल्या एका फोटोवाल्याकडे. त्याच्या अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा नेमका तसाच होता, दाट आणि हवाबंद. नळ्या औषधांच्या दुकानात मिळाल्या. दुकानदार नळी मापून कापता कापता म्हणाला, "घरी कोण आजारी आहे?"

"पियानो."

दुकानदार हसला. "आणि?"

"बायको," खोडरबर म्हणाला. त्यावर दुकानदाराने नळी वितभर जास्तच कापून दिली.

चक्र मात्र काही केल्या मिळेना. कारखान्याचे जुने पियानो कुठे कुठे गेले ते त्याला पाठ होतं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात एक होता. त्यावर आता धुतलेल्या बश्या रचून ठेवल्या होत्या. मॅनेजरने बश्या उचलू दिल्या, खोडरबरने फळी काढली, आत बोट घातलं. राखाडी भुगा. नाचाच्या शाळेत एक होता, तिथेही भुगा. एका वकिलाच्या विधवेने आपला पियानो उघडू द्यायलाच नकार दिला. तीन वेळा हेलपाटे घातल्यावर उघडू दिला, तर तोही तसाच. एकाच मुशीतून निघालेली चक्रं ती. एक कुजलं तिथे बाकीची वेगळी कशी निघणार? तो घरी येई तेव्हा बायको विचारी, "मिळालं?" तो म्हणे, "उद्या." आधी ती खुर्चीत बसून विचारत होती. मग पलंगावर बसून. आता पडूनच विचारायची.

आता एकच दार उरलं होतं, आणि ते ठोठावण्यापेक्षा खोडरबरने दगड चावला असता. ते दार भात्याचं होतं.

भात्या म्हणजे कारखान्यात भाते शिवणारा त्याचा जोडीदार. एके काळी दोघे एका डब्यात जेवत. दोघांत फाटलं ते लेकीच्या रोलवरून. तिचा कागद खोडरबरच्या टेबलावर आला त्या दिवशी, तिला वाजवताना ऐकलेला भात्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हिच्या कागदाला हात लावू नकोस. आहे तसा राहू दे." खोडरबरला संताप आला. आपल्या पोरीचाच रोल गबाळा ठेवायचा? लोकांच्या पोरींचे चकचकीत करून द्यायचे आणि स्वतःच्या पोरीवर हात आखडता घ्यायचा? "तू आपले भाते शीव," तो म्हणाला, "माझ्या कामात नाक खुपसू नकोस." आणि जेवणाच्या सुट्टीत न जेवता, एरवी घेई त्याच्या दुप्पट वेळ घेऊन, त्याने तो कागद साफ केला. बापाकडून लेकीला भेट म्हणून. आठवडाभराने ती तापाने पडली. भांडणाच्या त्या दिवसापासून खोडरबर आणि भात्याचं बोलणं नाही.

पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मग मानापमान कुठून असणार? खोडरबर गेला. भात्याने दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाजूला सरकला. घरात चामड्याचा तोच जुना वास होता.

"चक्र हवंय," खोडरबर म्हणाला.

"पितळेचं आहे. मी स्वतः कापलेलं. ती ओतीव चक्रं कुजणार, हे मला तेव्हाच दिसत होतं." भात्याने कपाटातून कापडात गुंडाळलेलं चक्र काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "कोणासाठी?"

खोडरबरने सगळं सांगितलं. भात्याने चक्र पुन्हा कापडात गुंडाळलं.

"तो रोल लावू नकोस," तो म्हणाला. "वहिनींना सांग, जमलं नाही. चक्र मिळालं नाही, भात्या हलकट आहे, त्याने दिलं नाही. काहीही सांग. माझ्या नावाने खडे फोड हवं तर."

"म्हणजे अजून डूख धरून आहेस."

"अरे, डूख कसला? तू त्या रोलचं काय केलंस, आठवतं ना?"

"चांगला केला. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

"तेच सांगतोय मी," भात्या म्हणाला. पण खोडरबरने हात पुढे केलेला होता, आणि मरणाच्या वाटेवरच्या बाईचं निमित्त समोर असताना कोण किती अडवणार? भात्याने चक्र त्याच्या तळहातावर ठेवलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाला इतकी साधी गोष्ट कळू नये? नाही कळली. तांदळातले खडे काढले म्हणून तांदूळ बदलला असं कोणी म्हणतं का? त्याच्या लेखी चूक ही वाजवण्यात मिसळलेली घाण होती. ती काढली की उरतं ते खरं वाजवणं, म्हणजेच खरी लेक. सगळी हयात त्याने हेच केलं होतं.

चार दिवसांनी पियानो तयार झाला. खिडकीतून सकाळचं ऊन पलंगावर येत होतं. खोडरबरने बायकोला उशांवर टेकवून बसवलं. तिने मांडीवर टॉवेल घेतला. त्याने डबा उघडला, रोल बसवला, कागदाचं टोक खालच्या दांडीला अडकवलं आणि पाय मारायला सुरुवात केली. फोटोवाल्याच्या पडद्याने श्वास घेतला. नवरीच्या मोज्यांच्या चकत्या फुगल्या. पट्ट्या हलल्या.

साधंच गाणं होतं, शिकाऊ हातांचं. बायकोने डोळे मिटले आणि न बघता टॉवेलाची घडी घालू लागली. एक घडी. दुसरी. मग तिचे हात थांबले. ओठ जरासे उघडले, डोळेही उघडले, आता कोणीतरी दारातून आत येणार आहे अशी ती समोर बघू लागली. गाणं त्या जागेवर आलं, गुळगुळीत पुढे निघून गेलं, आणि शेवटपर्यंत एकही सूर इकडचा तिकडे न होता संपलं. कागदाचं टोक फडफडत राहिलं. बायकोचे हात अजून तसेच होते.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. कसं वाटलं?"

"ही ती नाही."

"अगं, असं काय करतेस? तिचाच रोल. डब्यावर तारीख आहे."

"तिची करंगळी पोचायची नाही तिथं. शेजारची पट्टी लागायची. मग ती थांबायची, आणि दोन सूर मागून परत घ्यायची. रोज. एक दिवस चुकला नाही. त्या थांबण्यात ती हसायची हो, स्वतःलाच. मी आतून ओळखायची, आता हसली." बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "ते कुठे गेलं?"

"ते... मी काढलं. चुकीचं होतं ना ते. तसाच कसा ठेवणार होतो? लोकांनी ऐकलं असतं तर?"

"कुठल्या लोकांनी?"

खोडरबर रोल गुंडाळू लागला.

"चांगलं वाजवलेलं मला काय करायचंय?" ती म्हणाली. आवाज चढवायची ताकद तिच्यात नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवेना. "मला ती हवी होती. हे तुम्ही आहात. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तुम्हीच." आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. लेक गेली तेव्हासुद्धा खोडरबरने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ते टेबल त्याला समोर दिसलं. करंगळीच्या चुकीवरचं ठिगळ. त्यापुढचा कोरा कागद, जिथे पोर थांबून हसली होती. त्याने तो कात्रीने कापला होता आणि न बघता पायाजवळच्या टोपलीत टाकला होता. चार बोटं असेल. की तीन? हजारो रोलांचे कोरे तुकडे त्याने कापले होते. एकाचंही माप त्याने कधी लक्षात ठेवलं नव्हतं. ठेवायचं कारणच काय होतं?

दुपारी तो पलंगाजवळ स्टूल घेऊन बसला. "किती थांबायची ती?" त्याने विचारलं. "सांग. मी घालतो परत."

बायको भिंतीकडून वळली. मग म्हणाली, "आणा इकडे."

त्याने रोल त्या जागी आडवा कापला. चार बोटं कोरा कागद जोडला, त्याच्या आधी चुकीच्या सुराचं भोक पाडलं, मागचे दोन सूर त्यापुढे पुन्हा कापले. बरोबर करायला कधी इतका वेळ लागला नव्हता. पाय मारले, बायकोने ऐकलं.

"नाही. एवढं नाही थांबायची. ही तर विचारात पडलेली वाटते."

तीन बोटं. "आता घाबरलेली वाटते." अडीच. "चुकीचा सूर फार ठसठशीत आलाय हो. ती पट्टीला नुसती घासून जायची." त्याने भोक केसभर आखूड केलं. रोज एक-दोन वेळा, तिला दम असेल तसं. त्या जागी कागदावर ठिगळांवर ठिगळं चढली. भरल्या घरात जे दोघे कधी एवढं बोलले नव्हते, ते आता एका चुकीवर तासन्‌तास बोलत होते. एकदा ती हसून म्हणालीसुद्धा, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता एक स्वतः करायची तर जमेना होय?" तोही हसला. त्या आठ-दहा दिवसांत एवढंच काय ते हसणं झालं.

नवव्या की दहाव्या दिवशी ती म्हणाली, "आलं जवळ. अजून थोडं. कण चुकतोय." तो कण कुठला, ते तिला सांगता येईना. दम लागत होता. "उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी बसून जोड सुकवत होता. पाठीमागे तिचा श्वास ऐकू येत होता. जोडावर फुंकर मारता मारता त्याच्या लक्षात आलं, की खोलीत आता फक्त आपलीच फुंकर ऐकू येतेय. तो उठला. तिचा हात पांघरुणावर होता, एक बोट जरासं उचललेलं. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि खळीच्या हातांनीच तोंड झाकून लहान पोरासारखा रडला.

सगळं आटोपल्यावर आठवड्याने भात्या आला. न बोलता आत आला, पियानोची खालची फळी काढून त्याने काळ्या पडद्याचे भाते चाचपले आणि म्हणाला, "शिवण बरी जमलीय तुला." मग स्वतःच स्टुलावर बसला. "लाव."

खोडरबरने रोल बसवला. भात्या पाय मारू लागला. गाणं त्या जागेवर आलं: घासून गेलेला सूर, थांबणं, दोन सूर मागून परत.

"असंच होतं का?" खोडरबरने घाईने विचारलं. "तू तिला ऐकलं होतंस तेव्हा. रोल करताना. असंच थांबायची?"

भात्याचे पाय सावकाश थांबले. त्याला खोटं बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो तसला माणूस नव्हता.

"मी एकदाच ऐकलं रे," तो म्हणाला. "चुकली होती आणि गोड वाटलं होतं, एवढंच आठवतं. कशी चुकली, ते वहिनींना ठाऊक."

"पुन्हा मार पाय."

भात्याने रोल मागे घेतला आणि पुन्हा पाय मारले. गाणं पुन्हा त्या जागेकडे निघालं. चुकीचा सूर लागला, आणि खोडरबरचा उजवा हात आपसूक खळीच्या वाटीकडे गेला. चूक ऐकली की तो हात इतकी वर्षं तिकडेच जात आला होता. त्याने तो डाव्या हाताने घट्ट धरला आणि ती जागा जाऊ दिली. चूक लेकीची होती की त्याची, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.